पाडव्याचा नमस्कार, भाऊबीजेला पोच

दिवाळी पहाटेची मैफल भैरवीवर संपली की आम्ही पाच-सहा आकाशवेडे दादरला चहाच्या टपरीवर जमतो. ‘शुभ दीपावली’ म्हणून झालं की कुणीतरी विचारतंच, “काय रे, केसरबाई कुठवर पोचल्या?”

केसरबाई म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका केसरबाई केरकर. 1977 साली अमेरिकेच्या ‘नासा’नं सोडलेल्या व्हॉयेजर-1 आणि व्हॉयेजर-2 या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे, आणि त्यात भारतातलं गाणं एकच: केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. कुठे निघालास? कधीच परत न येणाऱ्या यानासोबत द्यायला याहून योग्य बोल मला तरी सुचत नाहीत. 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या. अकरा दिवसांचं हे अंतर आठवलं की दरवेळी गलबलून येतं.

त्याच तबकडीवर 55 भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवत आहेत, तुम्ही या जन्मी धन्य व्हा, अशा अर्थाचा. दिवाळीच्या भेटकार्डावर शोभेल असाच. घरची एलपी मिनिटाला 33 फेरे घेते. ही तबकडी त्याच्या निम्म्या वेगानं फिरवायची, म्हणून तिच्यात दुप्पट ऐवज मावला. सोबत सुईही दिली आहे आणि ती कशी लावायची याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या आहेत.

आता केसरबाई कुठवर पोचल्या ते. व्हॉयेजर-1 सूर्यापासून सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगानं दूर जातंय. 2026च्या दिवाळीच्या सुमारास ते आपल्यापासून जवळपास 2,590 कोटी किलोमीटरवर असेल. एवढं अंतर कापायला प्रकाशाला पुरा एक दिवस लागतो. म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी रेडिओ लहरींवरून पाठवलेला नमस्कार तिथे पोचणार भाऊबीजेच्या संध्याकाळी, आणि उत्तर यायला आणखी एक दिवस.

पण हे अंतर सतत वाढतच जातं असं मात्र नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगानं धावते, म्हणजे व्हॉयेजरपेक्षा बरीच जोरात. होळी-गुढीपाडव्याच्या सुमारास तिची धाव व्हॉयेजरच्याच दिशेला असते, त्यामुळे त्या दिवसांत आपल्यातलं अंतर थोडंसं कमी होतं. दिवाळीत मात्र आपण उलट्या बाजूला निघालेलो असतो. एकदा वहीत वर्तुळ काढून पाहा, लगेच कळेल.

यानाचा पृथ्वीकडे संदेश पाठवणारा प्रक्षेपक आहे जेमतेम 22-23 वॅटचा. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेल्या आकाशकंदिलात आपण बल्ब लावतो, तेवढीच ताकद. इतक्या लांबून येईपर्यंत तो संदेश इतका क्षीण होतो, की तो टिपायला 70 मीटर व्यासाच्या अँटेना लागतात.

2023च्या पाडव्याला, 14 नोव्हेंबरला, व्हॉयेजर-1 अचानक निरर्थक बडबडू लागलं. त्या दिवाळीनंतर आमच्या गप्पांतला उत्साहच गेला होता. माहिती जुळवून पाठवणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी तिच्यातल्या आज्ञावलीचे तुकडे करून ते उरलेल्या स्मृतीत जागा मिळेल तिथे बसवले. एक आज्ञा पोचायला साडेबावीस तास, परिणाम कळायला पुन्हा तेवढेच. 20 एप्रिल 2024 रोजी यान पुन्हा समजेल असं बोलू लागलं. जवळजवळ पन्नाशीतल्या यंत्राची एवढ्या लांबून केलेली ही शुश्रूषा मला चांद्रमोहिमांइतकीच मोठी वाटते.

लक्ष्मीपूजन आटोपून आम्ही दादर चौपाटीवर जातो. सूर्य मावळून तासभर झालेला असतो. पश्चिमेला समुद्रावर भुजंगधारी तारकासमूह उतरू लागतो आणि व्हॉयेजर-1 आहे ते त्याच दिशेला. दिसत अर्थातच काही नाही. मागे मुलं भुईचक्रं लावत असतात, फटाक्यांचा धूर असतो. आम्ही तिकडे तोंड करून नमस्कार करतो आणि मित्र मोबाइलवर ती भैरवी लावतो. भैरवी संपेपर्यंत यान आणखी साडेतीन हजार किलोमीटर पुढे गेलेलं असतं.