रात्री बोट कुठं बांधायची?

पहाटे साडेतीनला जाग आली ती डोक्याखालची उशी घसरली म्हणून. आधी वाटलं झोपेत आपणच वळलो असू, पण तेवढ्यात कपाटातून दोन ताटं खणखणत खाली आली आणि लक्षात आलं की अख्खी बोटच कलंडलीये. टॉर्च घेऊन बाहेर आलो तर संध्याकाळी मोठ्या कौतुकाने करकचून बांधलेले दोर तारेसारखे ताणलेले, नदीचं पाणी वीतभर खाली गेलेलं आणि बोट एका कुशीवर दोरांना लटकतीये. काठावरची गाठ सुटेना, कारण तिच्यावर बोटीचं वजन. शेवटी बोटीवरच्या खुंटीचे वेढे एक एक करत सैल केले तेव्हा बोट धप्पकन पाण्यात बसली आणि आत झोपलेली सगळी मंडळी उठून बसली. "काय केलंस?" हा बायकोचा पहिला प्रश्न.

ही गोष्ट इंग्लंडातल्या थेम्सवरची. आम्ही स्लाउला राहतो आणि उन्हाळ्यात दोन-तीन मराठी घरं मिळून वीकेंडला बोट भाड्याने घेतो, रेडिंगजवळून निघायचं, हेन्ली, मार्लो करत जमलं तर कुकमपर्यंत जायचं आणि परत. नदीवर स्पीड लिमिट ताशी ८ किलोमीटर, म्हणजे काठावरून जॉगिंग करणारा माणूस तुम्हाला टाटा करत पुढे जातो, त्यामुळे दिवसा फारसं डोकं लावावं लागत नाही. डोकं लागतं संध्याकाळी, बोट कुठं बांधायची हे ठरवताना. गाडी पार्क केली की खालचा रस्ता रात्रभर गप्प पडून असतो, नदीचं तसं नाही, तुम्ही झोपलात तरी तिचं काम चालूच असतं.

त्या रात्री आम्ही नक्की कुठं चुकलो होतो ते आधी सांगतो. लंडनच्या पश्चिमेला टेडिंग्टन आहे, त्याच्या वरची थेम्स दिसते नदीसारखी, पण ती खरं तर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी लांबट तळ्यांची रांग आहे. चाळीसच्या वर लॉक आहेत, लॉक म्हणजे बोटीला एका पायरीवरून दुसरीवर चढवणारा-उतरवणारा दोन दारांचा पाण्याचा हौद, आणि प्रत्येक लॉकच्या शेजारी एक बंधारा. पूर्वी यातले बरेच बंधारे लाकडी फळ्यांचे, हाताने फळ्या काढा-घाला करायचे होते, आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालतात ना, जवळजवळ तसंच प्रकरण. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी दरवाजे आहेत. तर दोन बंधाऱ्यांच्या मधला एक टप्पा घ्या. खालच्या बंधाऱ्याच्या लगेच वर पाण्याची पातळी ठरवून धरलेली असते, पाणी जास्त आलं की दरवाजे उघडायचे, कमी झालं की लावायचे, त्यामुळे तिथं फरक थोडाच पडतो. पण त्याच टप्प्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे मागच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी, असं धरून ठेवणारं कोणी नसतं. जास्त पाणी पुढे ढकलायचं तर नदीला जास्त उतार लागतो, खालचं टोक तर जागेवर अडवलेलं, मग उतार वाढणार कसा? वरचं टोक चढूनच. आणि प्रवाह कमी झाला की तेच टोक उतरतं.

आम्ही नेमकी तीच जागा निवडली होती, बंधाऱ्याच्या जरा खाली, कारण समोर पांढरं फेसाळ पाणी, फोटो झकास येत होते. संध्याकाळी पाणी चढलेलं होतं, रात्री उतरलं, बास. आता आम्ही टप्प्याच्या खालच्या अर्ध्या भागात थांबतो, अर्थात बंधाऱ्याच्या तोंडाशी अजिबात नाही, तिथं पाणी आत ओढतं.

दोर करकचून बांधणं ही दुसरी चूक, आणि ती तर शाळेतल्या पायथागोरसची आहे. समजा काठावरचा खुंटा बोटीवरच्या खुंटीपेक्षा १ मीटर उंच आहे आणि तुम्ही खुंटा अगदी समोर, ३० सेंटिमीटरवर ठोकला. दोर साधारण १०४ सेंटिमीटरचा झाला. पाणी ३० सेंटिमीटर उतरलं की त्याला १३३ सेंटिमीटर व्हावं लागतं, म्हणजे २९ सेंटिमीटर जादा, आणि ते कुठून आणणार? आता तोच खुंटा पाच मीटर पुढे ठोका आणि दोर तिरका न्या. पाणी तेवढंच उतरलं तरी पाच मीटरच्या दोराला फक्त ७ सेंटिमीटर जास्त लागतात, तेवढं तर दोराच्या ताणात आणि थोड्या झोळात सहज निघून जातं. म्हणून लांब आणि तिरके दोर. गोठ्यात गुराचं दावं बांधताना कोणी गुराचं नाक खुंट्याला टेकवून बांधत नाही, आम्ही मात्र बोटीचं तेच केलं होतं.

मग वळणं. नदीचं वळण दिसायला सगळ्यात सुंदर, आणि आमच्यातल्या एकाचा दर वेळी आग्रह असतो की वळणावर थांबू. त्याला मी चहाचा कप दाखवतो. न गाळलेला चहा कपात ओता, पत्ती तळाशी बसू द्या आणि चमच्याने गरागरा ढवळून थांबा. फिरणाऱ्या गोष्टी बाहेर फेकल्या जातात हे आपल्याला माहीत असतं, त्या हिशोबाने पत्ती कडेला जायला हवी, पण ती तळाच्या मधोमध गोळा होते. होतं असं की फिरणारा चहा कडेला चढतो, त्यामुळे कडेला दाब जास्त. वरचा चहा जोरात फिरतोय म्हणून तो या दाबाला पुरून उरतो, तळाचा चहा मात्र कपाला घासून हळू झालेला असतो, त्याला दाब आत ढकलतो आणि तो पत्तीला बरोबर घेऊन मध्यावर येतो. १९२६ साली आइनस्टाइनने हाच चहाचा कप घेऊन नद्या नागमोडी का होतात यावर एक छोटा लेख लिहिला होता. वळणावर नदी अर्धा कप असते म्हणा ना, वरचं जोरातलं पाणी बाहेरच्या काठाला धडकतं, तिथून खाली बुडतं, काठ पोखरतं आणि तळाने गाळ-वाळू उचलून आतल्या काठाकडे आणून टाकतं.

म्हणजे आतल्या बाजूला बांधलंत तर पाणी उथळ, रात्रीत थोडं उतरलं की बोट गाळात. बाहेरच्या बाजूला खोली भरपूर, पण प्रवाह जोराचा, काठ खालून पोकळ, त्यात ठोकलेला खुंटा कधी मातीसकट निघून येईल सांगता येत नाही, आणि वरून येणारी प्रत्येक अनाडी बोट वळताना तिकडेच सरकते. आमच्यासारख्यांच्या बोटी बहुतेक अनाडीच. त्यापेक्षा सरळ पट्टा बरा. हेन्लीला १८३९ पासून रोइंगच्या शर्यती होतात त्या तिथं दोन किलोमीटरच्या वर सरळ पाणी आहे म्हणूनच. तिथं रात्र छान जाते, फक्त सकाळी सहाला रोइंगवाली पोरं आणि कर्णा घेऊन ओरडणारा त्यांचा कोच तुम्हाला उठवतो.

काठाला लागताना बोटीचं तोंड नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध ठेवायचं. सुकाणू चालतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर. तोंड प्रवाहाकडे करून इंजिन असं हळू ठेवलं की बोट जमिनीच्या हिशोबाने जागेवर उभी असते, पण सुकाणूवरून पाणी वाहत असतं, म्हणजे काठापाशी जवळजवळ थांबूनही बोट तुमच्या हातात असते. पाण्याबरोबर येत असाल तर उलटं, बोट हातात ठेवायची तर पाण्यापेक्षा जोरात जावं लागतं आणि मग थांबवताना पंचाईत. पहिला दोर पुढचा. एकदा आमच्या एका काकांनी भारतातून आल्या आल्या उत्साहाने मागचा दोर आधी बांधून टाकला, प्रवाहाने पुढचं तोंड पकडलं आणि बोट दारासारखी उघडत गेली. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो हेही ध्यानात ठेवा, पाणी ताशी १ किलोमीटरचं ३ झालं तर जोर तिप्पट नाही, नऊपट. लॉकवर पिवळा बोर्ड लागला की प्रवाह बदलतोय, लाल लागला की जोराचा आहे, आणि लाल बोर्ड दिसला तर भाड्याच्या बोटीने पुढे जायचं नाही, तिथंच थांबून भजी तळायची.

शेजारून जाणाऱ्या बोटींचाही विचार करावा लागतो. लाटा दिसतात तरी, न दिसणारी ओढ जास्त त्रास देते. अरुंद पाण्यात बोट पुढे जाते तेव्हा तिच्या जागेचं पाणी बाजूने मागे पळतं, फट लहान म्हणून जोरात पळतं, आणि जोरात पळणाऱ्या पाण्याची पातळी खाली बसते, बर्नोली या शास्त्रज्ञाने १७३८ च्या पुस्तकात मांडलेला तोच हिशोब. त्या खड्ड्याबरोबर तुमची बांधलेली बोट आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढली जाते, दोन-चार अशा बोटी गेल्या की खुंटा हलत हलत वर. लाटांचं म्हणाल तर ताशी ८ किलोमीटरच्या बोटीमागच्या लाटेची लांबी साधारण ३ मीटर असते, वेग निम्मा केला की ती चौथा हिस्सा, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या आसपास होते आणि नुसती थापटून जाते. म्हणून अरुंद जागा टाळायची, आणि नेहमीच्या दोन दोरांशिवाय पुढून मागे आणि मागून पुढे असे दोन तिरके दोर घालायचे, त्याने बोट मागेपुढे पळत नाही.

टेडिंग्टनच्या खाली मात्र हे सगळं सोडून द्या, तिथून समुद्राची भरती सुरू होते आणि लंडन ब्रिजपाशी उधाणाला पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं. माझं आजोळ दाभोळ खाडीच्या काठचं, तिथं असल्या पाण्याचा हिशोब बोटांवर चालायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीत ती ४५ धरली जाते, चालतंय. तिथं होडी पाण्यातच उभी करायची तर दोन्ही टोकांनी बांधत नाहीत, तोंडाकडून नांगर टाकतात, म्हणजे सहा तासांनी पाणी उलटं फिरलं की होडीही आपली आपण फिरते.

झोपेचं काय, तर आवाज. रात्री पाण्यालगतची हवा गार, वरची जरा उबदार, आणि उबदार हवेत आवाज वेगाने जातो. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो, आणि दिवसा जाणवतही नाही ती दूरची रेल्वे रात्री उशाशी येते. मेडनहेडला ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला विटांचा रेल्वे पूल आहे, बघायला अप्रतिम, खालून टाळी वाजवली की घुमते, पण त्याच्या जवळपास झोपायला जाऊ नका. बंधाऱ्याचा आवाज काहींना आवडतो. तो आवाज मुख्यतः पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये गणित करून दाखवलं की बुडबुडा जेवढा लहान तेवढा त्याचा सूर उंच, मिलिमीटरभर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा थरथरतो. लाखो बुडबुडे एकदम गायला लागले की ते हिस्स होतं. मला पहिला तासभर बरं वाटतं, नंतर सारखी बाथरूमची आठवण येते.

झाडाखाली नको. काठावर विलो भरपूर, त्यातली एक जात फांद्या कडाकड मोडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. आणि शेजारच्या बोटीच्या धुराड्यासमोर आपली खिडकी येईल अशी जागा तर कधीच नको, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बोटीतला अलार्म चालू आहे ना हे झोपायच्या आधी बटण दाबून बघायचं.

गेल्या सप्टेंबरात आम्ही मार्लोच्या अलीकडे एका कुरणाच्या कडेला थांबलो. सरळ पट्टा, झाड नाही, पूल नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही, पोरं वैतागली. पूर्वेला उघडं होतं, ते मी मुद्दाम बघितलं होतं. रात्रभर गार हवा दरीत उतरून नदीवर साचते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं, त्यामुळे पहाटे नदीला चहासारखी वाफ येते आणि बोटीच्या काचांवरून आत पाणी ओघळतं, अशा वेळी ऊन लवकर आलं तर बोट लवकर वाळते. सहाला उठलो तर दोर जसेच्या तसे, ताटं कपाटात. वाफेतून पाच-सहा गाई पाण्यावर आल्या होत्या, एकही बांधलेली नाही, आणि त्यातली एक आमच्या पुढच्या खुंट्याला मान घासत उभी होती. पायथागोरसमध्ये गाय धरलेली नव्हती. चहा टाकायच्या आधी बाहेर जाऊन खुंटा परत ठोकला.