आल्मानाक पेर्पेतुउम

पोर्तुगालमधील लैरिया येथे १४९६ मध्ये छापलेला खगोलीय कोष्टकांचा ग्रंथ. नावाचा अर्थ ‘शाश्वत पंचांग’. कर्ते स्पेनमधील सालामांकाचे ज्यू ज्योतिर्विद अब्राहम झाकुतो (जन्म १४५२). मूळ हिब्रू ग्रंथ ‘हा-हिब्बुर हा-गादोल’ त्यांनी १४७३ ते १४७८ या काळात सालामांकाच्याच रेखावृत्तासाठी रचला.

सिद्धांत जुनेच, आल्फोन्सोच्या कोष्टकांवर (तेराव्या शतकात कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने करवून घेतलेल्या खगोलीय कोष्टकांवर) आधारलेले. नवेपणा मांडणीत आहे. दर वेळी लांबलचक आकडेमोड करण्याऐवजी ग्रहाचे स्थान थेट वाचता यावे, म्हणून प्रत्येक ग्रहाचे एक संपूर्ण आवर्तन दिले आहे : शुक्राचे ८ वर्षांचे, शनीचे ५९, गुरूचे ८३. सूर्यासाठी चारच वर्षे पुरतात. पुढच्या प्रत्येक चौकडीला १ कला ४६ विकला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा) मिळवल्या की झाले.

खलाशांना महत्त्व वाटले ते सूर्याच्या क्रांतीचे, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून सूर्याच्या कोनीय अंतराचे. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेस जाताना विषुववृत्तापाशी ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि त्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्याची जुनी रीत निरुपयोगी ठरते. मग माध्यान्हीच्या सूर्याचे उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) मोजायचे, ते ९० अंशांतून वजा करायचे आणि त्या दिवसाची क्रांती हिशेबात घ्यायची. सूर्य डोक्यावरून उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावर बेरीज की वजाबाकी ते ठरते. घोटाळा होतो तो इथेच. पोर्तुगालच्या दुसऱ्या जोआंव राजाने १४८५ मध्ये जोझे व्हिझिन्यू या ज्यू वैद्य-ज्योतिषाला सूर्यवेध घेण्यासाठी गिनीच्या किनाऱ्यावर पाठवले होते. लैरियाच्या आवृत्तीसाठी झाकुतोंच्या ग्रंथाचे लॅटिन रूपांतर त्याचेच, आणि छापखानाही ओर्तास या ज्यू मुद्रकांचा.

झाकुतोंनी वास्को द गामाला प्रत्यक्ष मार्गदर्शन केल्याची हकीकत गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासलेखकाने कित्येक दशकांनी लिहिली. ती जपूनच घ्यावी. कोष्टके मात्र कालिकतच्या वाटेवर वापरात असावीत, असे इतिहासकार सामान्यतः मानतात.

ग्रंथकर्त्याच्या वाट्याला आली ती वणवण. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना घालवले तेव्हा झाकुतो पोर्तुगालला आले व राजज्योतिषी झाले. ग्रंथ छापून वर्षही उलटले नसेल, तोच मानुएल राजाने ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम काढला. १४९७ मध्ये सक्तीचे धर्मांतर झाले. झाकुतो ट्यूनिसला पोहोचले आणि तेथे त्यांनी १५०४ मध्ये ‘सेफेर युहासिन’ हा ज्यू विद्वानपरंपरेचा इतिहास पूर्ण केला. ‘आल्मानाक’ १५०२ मध्ये व्हेनिसला पुन्हा छापले गेले. पुढे त्याची अरबी भाषांतरेही झाली.