रायफलवरचा टॉर्च : ल्युमेनच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

बंदुकीला दिवा बांधण्याची खटपट जुनीच आहे, पण आजचा रायफलवरचा टॉर्च घडला तो १९८० नंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यात लंडनमधल्या इराणी दूतावासावर कारवाई झाली. तिच्या छायाचित्रांत कमांडोंच्या आखूड बंदुकांवर जाडजूड टॉर्च चढवलेले दिसतात. पुढची दोन दशकं अडचण बल्बची होती. तापलेली तार नाजूक असते आणि गोळी सुटतानाच्या धक्क्याने तुटते. म्हणून बल्बचं डोकं रबरावर किंवा स्प्रिंगवर तरंगतं ठेवावं लागे. कॅमेऱ्यांत वापरले जाणारे ३ व्होल्टचे सीआर१२३ लिथियम सेल दोन-दोन घालून टॉर्च तळहाताएवढा झाला. साठ-पासष्ट ल्युमेन (उजेडाचं एकक) उजेड आणि तासभराचा सेल, ही त्या काळातली उत्तम कामगिरी.

तो रायफलला धरून राहायचा कसा, हा प्रश्न वेगळा होता. गोल प्लास्टिकच्या हँडगार्डवर (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणावर) पकड मिळत नसे, त्यामुळे लोक पाइपाचे क्लँप, चिकटपट्टी, जे हाताशी येईल ते वापरत. १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याने खाचांच्या रेलचं (उपकरणं बसवायच्या पट्टीचं) माप पक्कं केलं : खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. हीच पिकाटिनी रेल. तिच्याआधीच्या वीव्हर रेलची खाच अरुंद आणि अंतरं अनियमित असत. त्यामुळे वीव्हरचा माउंट (टॉर्च रेलवर धरणारा भाग) पिकाटिनीवर बहुधा बसतो, उलटं मात्र सहसा जमत नाही. दिसायला दोन्ही सारख्या असल्याने ही चूक आजही होते.

एलईडी आला आणि तार तुटण्याचा प्रश्न मिटला. नवा घोळ सुरू झाला तो आकड्यांचा. खोक्यावर २००, मग ५००, मग १००० ल्युमेन छापून येऊ लागले आणि खरेदी त्याच आकड्यावर होऊ लागली. २००९ मध्ये अमेरिकेत टॉर्चच्या मोजमापाचं समान मानक आलं, पण त्यातली गोम कळायला गिऱ्हाइकाला बराच वेळ लागला. मानकानुसार उजेड मोजतात तो टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. एलईडी तापला की बरेच टॉर्च त्यानंतर आपणहून उजेड उतरवतात. ‘रनटाइम’ म्हणून छापलेला वेळ मूळ उजेडाच्या १० टक्क्यांपर्यंत घसरण होईतो धरलेला असतो. म्हणजे दीड तास लिहिलंय म्हणून दीड तास १००० ल्युमेन मिळत नाहीत.

खरा वाद ल्युमेन की कँडेला, हा आहे. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून चहूकडे बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे झोताच्या गाभ्यात तो किती एकवटला आहे याचं माप. लांबवर किती उजेड पडेल ते कँडेलावर ठरतं : कँडेलाला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की लक्स, म्हणजे त्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप, मिळतात. बाजारात दोन्ही जातींचे टॉर्च आहेत. समजा एक १००० ल्युमेन आणि २० हजार कँडेलाचा आहे, तर दुसरा ७०० ल्युमेनच्या आतला पण ७० हजार कँडेलाचा. ५० मीटरवर पहिला ८ लक्स देतो, दुसरा २८. ल्युमेन कमी असलेला टॉर्चच तिथे साडेतीनपट उजळ पडतो.

खोक्यावरचं ‘पल्ला’ हे कलमही असंच फसवं आहे. मानकात पल्ला धरतात तो उजेड पाव लक्सवर येईपर्यंत, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्या हिशेबाने २० हजार कँडेलाचा पल्ला २८० मीटरच्या पुढे जातो. चांदण्यात माणूस उभा आहे एवढं दिसतं, त्याच्या हातात मोबाइल आहे की शस्त्र ते दिसत नाही. रायफलवर टॉर्च लावायचा तो हे ओळखण्यासाठीच. ओळख पटण्याआधी गोळी सुटणं याहून मोठी चूक या विषयात नाही, म्हणून पल्ल्याचा आकडा निवडीत धरूच नये.

रुंद झोताच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही मुद्दा आहे. खोलीत पांढऱ्या भिंतीवरून अरुंद, प्रखर झोत थेट डोळ्यांत परततो आणि कोपरे अंधारात राहतात. उलट रस्त्यावरच्या दिव्यापलीकडे किंवा गाडीच्या काचेआड पाहायचं असेल, तर एकवटलेला झोतच पार जातो. रायफल मोकळ्या जागेसाठी असेल तर कँडेलाला झुकतं माप द्यावं, निव्वळ घरासाठी असेल तर मध्यम झोत पुरे.

माउंटचा इतिहास २०१२ पासून पुन्हा हलला. चारही बाजूंच्या रेलचं वजन आणि हाताला टोचणाऱ्या कडा टाळायला आधी की-मॉड (हँडगार्डमध्येच कापलेल्या छिद्रांत माउंट अडकवायची पद्धत) आलं, २०१४ मध्ये तसंच, पण लांबट खाचांचं एम-लॉक. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी लष्करी चाचण्यांत एम-लॉक मजबुतीत आणि काढून पुन्हा बसवल्यावरच्या नेमकेपणात सरस ठरलं. टॉर्चला त्या नेमकेपणाची फारशी गरज नाही, ती नेम धरायच्या लेझरला असते. तरी बाजार एम-लॉकच्या मागे गेला. याच सुमारास एका कंपनीच्या टॉर्चच्या तळाची दोन स्क्रूंची मांडणी इतरांनीही उचलली, त्यामुळे आता टॉर्च एकाचा आणि माउंट दुसऱ्याचा चालतो.

बिघाड मात्र ठरलेले आहेत. एम-लॉकचा टी-नट (स्क्रूच्या आतल्या टोकाचा लांबट नट) आत काटकोनात वळून खाचेला आडवा बसला पाहिजे. तो उभाच राहिला तर स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि टॉर्च हातात येतो. हँडगार्डच्या आतून बघून खात्री करावी. अॅल्युमिनियमवर सुमारे ३५ इंच-पाउंड, म्हणजे ४ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावं. प्लास्टिक त्याआधीच दबतं. आट्यांवरचं तेल पुसून निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावावा आणि स्क्रूवरून माउंटवर रंगाची रेघ ओढावी. रेघ तुटली की स्क्रू फिरला. पिकाटिनीवर आवळण्यापूर्वी माउंट नळीच्या तोंडाकडे ढकलून खाचेला टेकवावा, नाहीतर रायफल मागे येताना तो तेवढा पुढे सरकतो आणि स्क्रू सैल होतो.

टॉर्च मागे बसवला तर नळीची किंवा सप्रेसरची (नळीच्या तोंडावर लावायच्या, आवाज दाबणाऱ्या नळकांड्याची) सावली झोतात पडते. भिंतीवर झोत टाकला की ती काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते; डावीकडे वर बसवलेल्या टॉर्चची सावली उजवीकडे खाली. पुढे सरकवला तर सावली घटते, पण काच नळीच्या तोंडाजवळ येते आणि काजळी धरते. थोड्या गोळ्यांतच उजेड पिवळट, मंद होतो. काचेवर आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला तर काजळी कापडाने निघते, घट्ट बसलेली पेन्सिलच्या खोडरबराने. वायरने जोडलेला दाबपट्टीचा स्विच लावला तरी टॉर्चमागचं बटण ठेवावं, कारण आधी तुटते ती वायर.