अणुकेंद्रीय द्रव्यातील मेसॉनांचे वस्तुमान : प्रायोगिक मापन

प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे ९३८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) आहे. त्यातल्या तीन क्वार्कांच्या मूळ वस्तुमानांची बेरीज मात्र १० एमईव्हीच्या आसपासच भरते. बाकीचे वस्तुमान प्रबल बलातून (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलातून) येते, आणि त्यात निर्वात अवकाशात भरून असलेल्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांच्या संघनिताचा (दाट साठ्याचा) मोठा हात मानला जातो. अणुकेंद्रात, म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे २८ कोटी टन एवढ्या घनतेत, हे संघनित साधारण एक-तृतीयांशाने घटते असा अंदाज आहे. तसे असेल तर तिथे जन्मणाऱ्या मेसॉनांचे, म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून बनणाऱ्या अल्पायुषी कणांचे, वस्तुमानही बदलायला हवे. ब्राउन आणि रो (१९९१) तसेच हात्सुदा आणि ली (१९९२) यांच्या गणितांनुसार रो व ओमेगा मेसॉनांमध्ये ही घट १५ ते २० टक्के, तर फाय या मेसॉनमध्ये जेमतेम काही टक्के यायला हवी.

मापन मेसॉनचा क्षय होऊन (तो फुटून) निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीवरून होते. या दोघांना प्रबल बल लागू नसल्यामुळे ते अणुकेंद्रातून फारसे न अडखळता बाहेर पडतात. पायॉन किंवा केऑन हे प्रबल बल लागू असलेले हलके मेसॉन बाहेर येताना धडका खातात आणि जन्माच्या वेळची माहिती हरवून बसतात. किंमत अशी, की असा क्षय फार क्वचित होतो : फायमध्ये दहा हजारांत सुमारे तीन, रोमध्ये लाखात पाचेक. जोडीतल्या दोन्ही संवेगांचा गुणाकार, त्याची दुप्पट, आणि त्याला एक वजा मधल्या कोनाच्या कोसाइनने गुणले की वस्तुमानाचा वर्ग मिळतो. दोन्ही कणांचा संवेग ७०० एमईव्ही असेल, तर फायची १०१९ एमईव्ही ही नोंद सुमारे ९३ अंशांच्या कोनावर पडते. प्रत्येक संवेगात १ टक्का चूक झाली, की वस्तुमानात सुमारे ७ एमईव्हीची चूक शिरते.

खरी अडचण वेळेची आहे. रो मेसॉन १.३ फर्मी (एक फर्मी म्हणजे मीटरचा १०^१५ वा भाग) एवढ्या अंतरातच संपतो, म्हणून तो बहुधा आतच फुटतो; पण वस्तुमानाच्या आलेखातले त्याचे शिखर स्वतःच १५० एमईव्ही रुंद, सरकले तरी ओळखावे कसे? फायचे शिखर ४ एमईव्हीइतके अरुंद, मात्र तो दूरवर जातो. त्याच्या संवेगाचे त्याच्या वस्तुमानाशी असलेले गुणोत्तर (βγ) १.२५ असले, तर क्षयाआधी तो सरासरी ५८ फर्मी चालतो. तांब्याच्या अणुकेंद्राची त्रिज्या पाच फर्मीच्या आत. म्हणजे बहुतेक फाय बाहेर पडून मूळ वस्तुमानानेच फुटतात आणि सरकलेले थोडेसे मुख्य शिखराच्या डाव्या पायथ्याशी खांद्यासारखे उरतात. म्हणून सावकाश जाणारे मेसॉन आणि जड अणुकेंद्र, दोन्ही लागतात.

नेमक्या त्याच डाव्या बाजूला खोटा खांदाही तयार होतो. टार्गेटमधून जाताना इलेक्ट्रॉन फोटॉन सोडून ऊर्जा गमावतो, आणि वस्तुमान कमी भासते. यासाठी टार्गेट पातळ ठेवतात. तांब्याची विकिरण-लांबी (इलेक्ट्रॉन असे फोटॉन सोडून आपली बहुतेक ऊर्जा गमावतो ते अंतर) १४ मिलिमीटर, म्हणून ८० मायक्रॉनचा पत्रा तिच्या सुमारे अर्धा टक्का भरतो. जाड एकच तुकडा न घेता पत्रे अंतर राखून लावतात, म्हणजे मोठ्या कोनात निघालेला कण एकाच पत्र्यातून जातो. क्षयातच सुटणारा फोटॉन टाळता येत नाही. तो गणितात धरावा लागतो.

दुसरा शत्रू पार्श्वभूमी. उदासीन पायॉनांच्या फोटॉनांतून निघालेले इलेक्ट्रॉन आणि चुकून इलेक्ट्रॉन ठरलेले पायॉन यांच्या परक्या जोड्या सगळीकडे पसरतात. वेगवेगळ्या टकरींतले कण मुद्दाम जोडून या पार्श्वभूमीच्या आलेखाचा आकार मिळतो, पण उंची कशाला बांधायची? समान विद्युतभाराच्या जोड्या नोंदवल्या असतील तर त्यांना. नसतील तर मोजलेल्या आलेखाशी गणिती वक्र जुळवूनच ती काढावी लागते. निष्कर्षांतली बरीच भांडणे इथेच आहेत.

जपानमधील केईके या प्रयोगशाळेच्या ई३२५ प्रयोगात १२ जीईव्हीचे (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) प्रोटॉन कार्बन व तांब्यावर सोडले. रो-ओमेगाचे वस्तुमान सामान्य अणुकेंद्रीय घनतेला ९.२ टक्क्यांनी, तर फायचे ३.४ टक्क्यांनी घटते आणि फायची रुंदी ३.६ पट होते, असे निष्कर्ष २००६-०७ मध्ये आले. फायचा खांदा फक्त तांब्यात आणि फक्त मंद गटात (βγ १.२५ पेक्षा कमी) दिसला. याउलट अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेत क्लास गटाने फोटॉन वापरून आणि समान भाराच्या जोड्यांवरून पार्श्वभूमी बांधून मोजले, तेव्हा रोचे शिखर रुंदावलेले दिसले, सरकलेले नाही. तिथले मेसॉन ०.८ जीईव्हीहून अधिक संवेगाचे होते, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या एनए६० प्रयोगातही, इंडियमच्या टकरींत, रो फक्त रुंदावला.

जर्मनीतील बॉनच्या प्रयोगाची गोष्ट सावध करणारी आहे. ओमेगा → पायॉन + फोटॉन या क्षयातून २००५ मध्ये वस्तुमान घटल्याचे जाहीर झाले. पुढे पार्श्वभूमी नव्याने काढली, तेव्हा ते टिकले नाही.

जपानच्या तोकाई येथील जे-पार्क या प्रवेगक केंद्रात ई१६ प्रयोग ३० जीईव्हीच्या प्रोटॉनांनी फायचेच मापन अधिक नेमकेपणाने करण्यासाठी उभारला आहे. त्याची प्रोटॉन-शलाकेवरची पहिली चाचणी २०२० मध्ये झाली. मंद फायबरोबर वेगवान फायही तपासले जातात : ते जवळजवळ सगळे बाहेर फुटत असल्याने त्यांच्यातही खांदा दिसला, तर दोष उपकरणात किंवा पार्श्वभूमीत शोधावा लागतो.