ताठर स्नायू म्हणजे बळकट स्नायू नव्हे

"वजनं उचलायला लावू नका, पाय आणखी ताठ होतील." सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलांच्या आईवडिलांना ठाण्यात हा सल्ला आजही मिळतो. एकेकाळी थेरपिस्टही हेच मानत. 1990 च्या दशकापासूनच्या अभ्यासांत मात्र ताकद वाढली, ताठरपणा वाढला नाही.

ताठरपणा वेगावर ठरतो. पाऊल सावकाश वर दाबलं तर बरंच येतं, झटकन दाबलं तर मध्येच अडतं. झटका बसताच स्नायू आपोआप आवळतो. मेंदूला हा प्रतिक्षेप आवरता येत नाही, म्हणून असं होतं. स्नायूचा अशक्तपणा वेगळाच. एक तर मेंदू सगळे तंतू कामाला लावू शकत नाही. शिवाय स्नायूची घडणच बदललेली असते. तंतूत सार्कोमिअर नावाच्या कप्प्यांची रांग असते. कप्प्यात अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे दोन हातांच्या गुंफलेल्या बोटांसारखे बसतात. कप्पा साधारण 2.7 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असताना गुंफण सर्वांत चांगली जमते. या मुलांच्या मांडीमागच्या स्नायूत शस्त्रक्रियेच्या वेळी मोजलेले कप्पे 3.5 मायक्रॉनच्याही पुढे ताणलेले निघाले. हाड वाढतं, पण रांगेत पुरेसे नवे कप्पे येत नाहीत, आहेत तेच ताणले जातात. बाहेरून आखडलेला स्नायू आत असा ओढलेला असतो, म्हणून जोर कमी. 'नसा मोकळ्या करणाऱ्या' तेलाने यात काही होत नाही. व्यायामाने तंतू जाड होतात आणि जास्त तंतू कामाला लागतात.

सूचना समजून पाळणारं, साधारण सात वर्षांपुढचं मूल असेल तर स्टुलावरून उठबस करून घ्या. आधी डॉक्टरांकडून खुब्याचा सांधा तपासून घ्यावा. स्टूल गुडघ्याच्या उंचीचं, टाचा जमिनीवर. दप्तर छातीवर लावा, पाठीवर लावलं तर तोल मागे जातो. आत तांदळाच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या. आठ ते बारा वेळा उठून पुढची उठबस जमू नये, एवढं वजन हवं. दोन सेकंदांत उठणं, तीन सेकंदांत बसणं, मोठ्याने मोजत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. असे तीन फेरे, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीनदा, दिवसाआड, किमान 12 आठवडे. गुडघे आत वळले किंवा टाच उचलली गेली तर वजन काढा आणि स्टूल उंच घ्या. बहुतेक घरी नेमकं चुकतं ते इथे: वजन तेच राहतं आणि उठबशा पन्नासवर जातात. त्याने दम वाढेल, ताकद नाही. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी बारा-बारा जमल्या की अर्धा किलो वाढवा.

ताकद आली म्हणून चाल आपोआप सुधारत नाही. टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसमध्ये चढायचं असेल तर पायरीचाच सराव हवा: आधी 10 सेंटिमीटरचा पाट, मग 15, मग 20.