जुन्या 911 ला नंतरच्या वर्षाचे बार

पोर्शने 1986 च्या 911 करेरामध्ये अँटी-रोल बार जाड केले. पुढचा 20 मिलिमीटरचा 22 झाला, मागचा 18 चा 21. इंजिन तेच, 3.2 लिटरचं. साहजिकच 1984-85 ची गाडी बाळगणाऱ्यांचा या बारांवर डोळा असतो: अपघातात निकामी झालेल्या नंतरच्या गाडीतून काढायचे आणि आपल्या गाडीला लावायचे. दोन-तीन मिलिमीटरनं असा काय फरक पडणार? चांगलाच पडतो.

हा बार म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी सळई. मधला भाग रबरी बुशांमधून बॉडीला धरलेला, टोकं लिंक नावाच्या छोट्या दांड्यांनी डाव्या-उजव्या चाकांना धरणाऱ्या आर्मना जोडलेली. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर गेली, की बार बुशात नुसता फिरतो. त्याला काही काम नसतं. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, एक चाक दबतं, दुसरं सुटतं आणि सळईला ओलं फडकं पिळल्यासारखा पीळ बसतो. त्या पिळाला ती जितका विरोध करेल, तितकी गाडी कमी कलते.

हा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. बारचे हात, म्हणजे वाकवलेली टोकं, तेवढेच लांब धरले, तर 20 चा 22 केल्यावर ताठपणा 1.46 पट होतो आणि 18 चा 21 केल्यावर 1.85 पट. म्हणजे पुढे 46 टक्के वाढ, मागे 85. पीळ प्रामुख्यानं बाहेरचे थर पेलतात, गाभा जवळपास आयतं खातो. म्हणूनच पोकळ बार चालतात: आतलं भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मं असेल, तर वजन 25 टक्के घटतं, ताठपणा जेमतेम 6 टक्के.

आता खरी गोम. जाड बार लावला की त्या बाजूची पकड वाढते, असा सर्रास समज आहे. होतं उलटं. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. बार त्यात जवळपास काही बदलत नाही. तो फक्त ठरवतो, की या भारबदलातला किती वाटा पुढच्या जोडीनं सोसायचा आणि किती मागच्या. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे बाहेरच्या टायरला जे मिळतं, त्याहून आतल्या टायरचं जास्त जातं. ज्या टोकाचा बार ताठ, ते टोक आधी घसरतं.

911 चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं. अशा गाडीला फक्त मागचा 21 चा बार मिळाला म्हणून तेवढाच लावणं म्हणजे मागची बाजू सुटण्याला आमंत्रण. ओल्या रस्त्यावर तर नकोच. लावायचे तर जोडीनंच. तरीही ती 1986 ची गाडी होत नाही, कारण त्या वर्षी मागचे टॉर्शन बारही, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या सळया, 24 चे 25 मिलिमीटर झाले होते. तिथे एका मिलिमीटरनं सुमारे 18 टक्के वाढ.

माझ्या मते पैसे बारांआधी बुश आणि लिंकवर घालावेत. रबर गेलं असेल, तर कलण्याचा पहिला भाग बार पिळला जाण्याआधीच निघून जातो. मागच्या बारचे बॉडीला वेल्ड केलेले ब्रॅकेटही नीट तपासावेत. जाड बार लावलेल्या जुन्या 911 मध्ये ते तडकतात, कधी उखडूनही येतात. पत्र्याला बारीक चीर दिसली, तर आधी तिथे मजबुती द्यावी. लांबी बदलता येणारे लिंक असतील, तर ते गाडी जॅकवर असताना आवळू नयेत. चारही चाकं सपाट जमिनीवर, सीटवर चालकाइतकं वजन, आणि लिंकचा बोल्ट हातानं सहज सरकला पाहिजे. तो ठोकून बसवावा लागत असेल, तर बारला उभ्या गाडीतच पीळ बसलेला आहे आणि ती डावीकडे एक वळेल, उजवीकडे दुसरंच.