व्हायोलिनचा जीर्णोद्धार

मोडलेले, झिजलेले किंवा पूर्वी चुकीचे जोडलेले जुने व्हायोलिन पुन्हा वाजते करण्याची आणि तसे करताना त्याचे मूळ लाकूड, व्हार्निश व घडण शक्य तेवढी राखण्याची कारागिरी. घोडी (तारा पेलणारी उभी फळी) बदलणे, खुंट्या नीट बसवणे, सुटलेला सांधा चिकटवणे यांना साधी दुरुस्ती म्हणतात. गेलेले लाकूड भरून काढणे, दाबाने खाली बसलेली तबली (पेटीची वरची फळी) उचलणे, व्हार्निशची उणीव मिटवणे ही कामे जीर्णोद्धारात मोडतात. कार्यशाळेत मात्र ही दोन्ही कामे बहुधा एकाच बाकावर आणि एकाच हाताने होतात, त्यामुळे त्यांच्यातील सीमा पुसटच राहते.

व्हायोलिनचे पोकळ अंग सुमारे ३५.५ सेंमी. लांब असते. वरची तबली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची आणि पाठ, बाजूपट्ट्या व मान मेपलची असते. तबलीची जाडी साधारण २.५ ते ३ मिमी. आणि बाजूपट्ट्यांची जेमतेम १ मिमी. भरते. एवढ्या पातळ पेटीवर चार तारांचा मिळून २० ते २५ किलोंचा ताण वर्षानुवर्षे असतो आणि त्याचा काही भाग घोडीवाटे थेट तबलीला खाली दाबतो. हा दाब पेलायला आत दोन आधार असतात. मंद्र तारेच्या बाजूला तबलीला आतून चिकटवलेली लांब पट्टी म्हणजे बेस बार. घोडीच्या दुसऱ्या पायाच्या किंचित मागे, तबली व पाठ यांच्यामध्ये उभी असलेली स्प्रूसची कांडी म्हणजे साउंड पोस्ट. ही कांडी चिकटवत नाहीत, ती नुसत्या दाबाने उभी राहते. इटालियनमध्ये तिला ‘आनिमा’ व फ्रेंचमध्ये ‘आम’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ आत्मा. हा शब्द अतिशयोक्त वाटत असेल, तर कांडी अर्धा मिलिमीटर सरकवून तेच वाद्य पुन्हा ऐकावे.

आज मैफलीत वाजणारे अठराव्या शतकातील व्हायोलिन जसेच्या तसे आपल्यापर्यंत आलेले नाही. इटलीतील क्रेमोना गावच्या अंतोनिओ स्त्रादिव्हारी (१६४४–१७३७) याच्या काळी मान आजच्यापेक्षा आखूड असे. ती अंगाशी जवळजवळ सरळ रेषेत बसवून आतून खिळ्यांनी पक्की केलेली असे. १८०० च्या सुमारास मोठी सभागृहे आणि चढा स्वर यांची मागणी वाढली, तेव्हा जुन्या वाद्यांच्या माना काढून लांब व मागे कललेल्या माना बसवण्यात आल्या. वरचे वळणदार स्क्रोल आणि खुंट्यांची पेटी मात्र मूळचीच ठेवून नव्या मानेला जोडत. बारकाईने पाहिल्यास हा जोड खुंट्यांच्या पेटीच्या बाजूंवर आजही दिसतो. आतला बेस बारही काढून त्याजागी लांब व जाड बार बसवला गेला. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील ‘मसाया’ (१७१६) हे सर्वांत कमी वाजलेले स्त्रादिव्हारी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या मानेलाही हात लागलेला आहे. फ्लॉरेन्समध्ये जपलेला १६९० चा मेदिची टेनर व्हायोला मूळ मानेसह टिकला, हा अपवाद. त्यामुळे जुने व्हायोलिन हे त्याच्या कर्त्याइतकेच नंतरच्या दुरुस्ती करणाऱ्यांचेही काम असते, हे मान्य करूनच या विषयाकडे पाहावे लागते.

सरस. व्हायोलिन दुरुस्त करता येते ते मुख्यतः सरसामुळे. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा सरस पाण्यात भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळवतात. फार तापवला तर त्याची पकड जाते. सुकल्यावर तो कडक होतो. पण ऊब आणि ओल मिळाली की शेकडो वर्षांनंतरही सोडून देतो आणि लाकडाला इजा होत नाही. तबली मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात. कोरड्या हवेत लाकूड आकसले की आधी काठाचा सांधा उकलावा आणि तबली वाचावी, हा त्यामागचा हेतू असतो. उकललेला सांधा पुन्हा चिकटवणे सोपे असते, फाटलेली तबली सांधायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणूनच एपॉक्सी किंवा पांढरा सुतारी डिंक वापरून केलेली ‘कायमची’ दुरुस्ती हे या धंद्यातील सर्वांत मोठे नुकसान आहे. असा सांधा उघडताना डिंक सुटत नाही, त्याच्या शेजारचे लाकूड फाटून येते.

तबली काढण्यासाठी पातळ, बोथट पाते सांध्यात सरकवतात. हाताला विरोध लागेल तिथे थांबतात आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करतात. सुकलेला सरस ठिसूळ असल्याने सांधा टकटक आवाज करत मोकळा होतो. त्या आवाजात किंचित फरक पडला तरी सरस सुटतो आहे की लाकूड चिरते आहे, हे मुरलेल्या कारागिराला कळते.

तडे. स्प्रूस रेषेच्या दिशेने सहज चिरतो, त्यामुळे तबलीवरचे बहुतेक तडे उभे असतात. एफ-छिद्रांच्या (तबलीवरील f-आकाराच्या दोन छिद्रांच्या) टोकांपासून निघणारे, बेस बारच्या कडेने जाणारे, तळाच्या आबनुसी आधारपट्टीपासून वर चढणारे असे त्यांचे ठरलेले प्रकार आहेत. शेवटच्या प्रकाराचे कारण साधे आहे. तबली आडवी आकसते, आबनुसाची पट्टी जवळपास आकसत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना केसभर जागा सोडली असती तर तडा गेलाच नसता.

ताजा तडा स्वच्छ असतो, त्यात सरस भरून दोन्ही काठ तंतोतंत एका पातळीत आणले की तो दिसेनासा होऊ शकतो. जुन्या तड्यात मळ, पॉलिश आणि आधीचा डिंक साचलेला असतो. तो कोमट पाण्याने व मऊ कुंचल्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. ही पायरी घाईने उरकली की काळी रेघ कायमची राहते. चिकटवल्यानंतर आतून तड्यावर आडव्या, काठाकडे निमुळत्या स्प्रूसच्या चिपा बसवतात. जुन्या दुरुस्त्यांत या चिपांची रांगच रांग आढळते. आता शक्य तितक्या कमी बसवतात, कारण प्रत्येक चिप तबलीला थोडी जड व ताठ करते.

साउंड पोस्टच्या टोकावरून जाणारा तडा सर्वांत गंभीर. तिथे सतत दाब असतो, त्यामुळे नुसता सरस पुरत नाही. पाठीवर असा तडा असेल तर वाद्याची किंमत बरीच घसरते. यावर उपाय म्हणजे आतून ठिगळ. आधी तबलीच्या बाहेरच्या अंगाचा प्लास्टरमध्ये साचा घेतात, म्हणजे काम चालू असताना ती वाकत नाही. मग तड्याभोवती आतून उथळ लंबवर्तुळाकार खळगा कोरतात. मध्यभागी मूळ लाकडाचा अगदी पातळ पापुद्रा शिल्लक राहतो. त्या खळग्यात बसेल असा जुन्या स्प्रूसचा तुकडा रेषा जुळवून घडवतात. खळग्याला खडू फासायचा, तुकडा दाबायचा, तुकड्यावर जिथे खडू उमटेल तिथेच खरवडायचे आणि पुन्हा दाबायचे. संपूर्ण पृष्ठभागावर खडू सारखा उमटेपर्यंत हे चालते. त्यात दिवस जातात. उत्तम बसलेले ठिगळ आरशाने आत पाहिल्यावरही पटकन सापडत नाही. तरीही त्यासाठी मूळ लाकूड कायमचे कोरून टाकावे लागते, ते परत येत नाही. म्हणून लहान तड्यासाठी मोठे ठिगळ लावू नये, असे आजचे अनेक कारागीर आग्रहाने सांगतात आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे.

दाबाने बेस बारकडे बसलेली किंवा साउंड पोस्टजवळ फुगलेली कमान सुधारण्यासाठीही साचा लागतो. इच्छित आकाराच्या साच्यात तबलीला हलकी ओल देऊन वर गरम वाळूची पिशवी ठेवतात आणि लाकूड सावकाश साच्याला टेकू देतात.

इतर झीज लवकर सांगता येते. खुंट्या फिरून फिरून भोके रुंदावतात. ती लाकडाने बुजवून १:३० च्या उताराने पुन्हा पाडतात. हाताच्या घर्षणाने झिजलेल्या काठांना नवे लाकूड जोडतात. किड्याने पोखरलेली नागमोडी नळी उघडून भरावी लागते. तबली व पाठ शतकानुशतके आडव्या आकसतात, पण बाजूपट्ट्या रेषेच्या लांबीत वाकवलेल्या असल्याने आकसत नाहीत, त्यामुळे त्या काठाबाहेर डोकावू लागतात. मग त्या तळाच्या सांध्यात किंचित कापून घेतात. मान खाली झुकली तर तारा फिंगरबोर्डपासून (बोटांनी तारा दाबण्याच्या पट्टीपासून) उंच जातात आणि वाजवणे कठीण होते. अशी मान काढून योग्य कोनात पुन्हा बसवतात.

व्हार्निश. जुन्या व्हायोलिनमधील सर्वांत नाजूक आणि एकदा गेले की परत न मिळणारा भाग म्हणजे व्हार्निश. स्त्रादिव्हारीच्या पाच वाद्यांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या तपासणीत लाकडावर सुकणाऱ्या तेलाचा थर आणि त्यावर तेल व पाइनच्या राळेचा थर आढळला. काही वाद्यांत त्यात लाल रंगद्रव्येही होती. गुप्त घटकाच्या आख्यायिकेपेक्षा हे सत्य साधे आहे, म्हणूनच ते अधिक थक्क करते.

नियम असा की जिथे व्हार्निश गेले आहे तिथेच रंग भरायचा, शेजारच्या मूळ व्हार्निशवर एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. आधी रंगहीन थराने लाकूड बंद करतात, मग पातळ, पारदर्शक रंगाचे अनेक थर देतात आणि ते दिवसाच्या व दिव्याच्या उजेडात जुळवून पाहतात. सबंध वाद्यावर स्पिरिटची चकचकीत पॉलिश फिरवण्याची जुनी सवय घातक ठरली. अल्कोहोल जुने व्हार्निश विरघळवते आणि त्याचा पोत सपाट करते. अतिनील प्रकाशात जुना व नवा थर वेगवेगळे चमकतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी डागडुजी तिथे उघडी पडते.

ओळख व तपास. दुरुस्तीआधी वाद्य कोणाचे व केव्हाचे हे ठरवावे लागते. आतली चिठ्ठी हा पुरावा नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन व मिटेनवाल्ड आणि फ्रान्समधील मिरकूर येथे मोठ्या संख्येने व्हायोलिन बनत आणि त्यांतील असंख्य वाद्यांत स्त्रादिव्हारीच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली असे. त्यात फसवणुकीचा हेतू नेहमीच नसे, नमुना कोणाचा हे सांगण्याची ती रीत होती. तबलीतील वार्षिक वलये मोजून झाडाचे शेवटचे वलय कोणत्या वर्षीचे हे कळते. ‘मसाया’च्या अस्सलपणाविषयी वाद झाला तेव्हा त्याचे शेवटचे वलय १६८० च्या दशकातील निघाले. ही पद्धत वाद्य त्याआधीचे नाही एवढेच सांगते, कर्त्याचे नाव सांगत नाही. सीटी स्कॅनमुळे वाद्य न उघडता लाकडाची जाडी, ठिगळे व किड्यांच्या नळ्या दिसतात.

पूर्वसूरींच्या कामातून शिकवण मिळते, तशी हळहळही वाटते. एके काळी जाड वाटणाऱ्या क्रेमोनी तबल्या आवाज मोकळा व्हावा म्हणून आतून तासून पातळ केल्या गेल्या. ते लाकूड परत लावता येत नाही आणि पुढे अशाच तबल्यांना ठिगळांची गरज पडली. याउलट पॅरिसचा झाँ-बातीस्त व्हियोम (१७९८–१८७५), लंडनचे हिल घराणे आणि रोममध्ये जन्मून न्यूयॉर्कमध्ये काम केलेला सिमोने सॅकोनी (१८९५–१९७३) यांनी जुनी वाद्ये उघडताना त्यांचा अभ्यासही केला. ‘रेड डायमंड’ नावाचे स्त्रादिव्हारी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वादळात समुद्रात वाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी वाळूत सापडले. सांधे सुटले होते, पेटीत पाणी व वाळू भरली होती. हान्स वाइसहार या कारागिराने कित्येक महिने खपून ते पुन्हा उभे केले. ते तसे सुटे झाले आणि पुन्हा जुळवता आले, याचे श्रेय सरसालाही जाते.

आज काम सुरू करण्याआधी छायाचित्रे, मापे व जाडीचा नकाशा नोंदवतात. काढलेला बेस बार किंवा मूळ तुकडा फेकत नाहीत, वाद्यासोबत ठेवतात. तबली चिकटवण्याआधी कारागीर कधी कधी आत पेन्सिलने नाव व वर्ष लिहितो. पुढच्या वेळी तबली उघडणाऱ्याला ते थेट वाचता येते, आणि जुन्या वाद्यात अशा चार-पाच नोंदी एकाखाली एक सापडतात.

बंद केलेल्या वाद्याला साउंड पोस्ट व नवी घोडी बसवून तारा हळूहळू ताणतात. पहिले काही आठवडे लाकूड नव्या ताणाला सरावत असते, त्यामुळे कांडी पुन्हा जराशी हलवावी लागते, कधी किंचित लांब कांडी नव्याने कापावी लागते. या काळात ४० ते ६० टक्के आर्द्रता राखली तर नव्या सांध्यांवर ताण येत नाही.